कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे का चिकटतात? कागद तर कशावर घासलेला नसतो!

घासताना केसांतले काही इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण विद्युतप्रभार असलेले अतिसूक्ष्म कण, प्लास्टिकच्या कंगव्यावर येतात. कंगवा ऋणप्रभारित होतो, केस धनप्रभारित. प्रभार नव्याने तयार होत नाही, फक्त जागा बदलतो. हे आधी पक्कं करा. प्लास्टिक विद्युतरोधक, म्हणजे वीज वाहू न देणारं, असल्यामुळे तो प्रभार तिथेच अडकून राहतो, म्हणून ही स्थितिक विद्युत.

आता कागद. तुमची शंका अगदी योग्य आहे, कारण बहुतेक जण इथेच घाई करतात. कपट्यावर एकूण प्रभार शून्यच असतो. पण कंगवा जवळ आला की कपट्यातले इलेक्ट्रॉन किंचित लांब सरकतात आणि कंगव्याकडची बाजू थोडी धन होते. ती बाजू जवळ असल्याने आकर्षण प्रतिकर्षणावर मात करतं आणि कपटा उडी मारतो. नीट बघा: काही कपटे चिकटून क्षणात दूर फेकले जातात. त्यांना कंगव्याचाच ऋणप्रभार मिळालेला असतो.

प्रयोग हिवाळ्यात करा, केस कोरडे ठेवून. पावसाळ्यात दमट हवेमुळे प्रभार लगेच निसटून जातो.

थंडीत स्वेटर काढताना होणारी चटचटही हीच. एक मिलिमीटरच्या ठिणगीमागे सुमारे ३००० व्होल्ट असतात, पण प्रभार इतका थोडा की इजा होत नाही.