आरती करताना देवाबद्दल घाण विचार येतात, माझी श्रद्धा संपली का?

भावा, तू लिहिलंयस की वय २३, घरात रोज आरती, आणि हात जोडले की नेमके देवाबद्दल घाणेरडे शब्द डोक्यात येतात, मग दिवसभर माफी मागत बसतोस आणि आता तर देव आहे का नाही हेच कळेना झालंय. मी दहा-बारा वर्षांनी मोठा असेन म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको. डॉक्टर नाही मी, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहे. पण यातनं सात वर्षं गेलोय.

माझं सुरू झालं नवरात्रात, अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत. तीन तास उभारलेलो, आत गेलो, देवीचं मुख दिसलं आणि तेवढ्यात एक शिवी आली डोक्यात, अशी की मी मित्रांच्यात पण देत नाही. पाय गार पडले. बाहेर येऊन गालावर मारून घेतलं, 'चुकलं आई' म्हटलं आणि बरं वाटलं. सगळी मेख तिथंच आहे बघ. बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी परत केलं, मग ११ वेळा, मग २१ वेळा, मधेच मोजणी चुकली की पहिल्यापासून. महाद्वार रोडवरनं शिवाजी पेठेत घरी चालत यायला पंधरा मिनिटं, मला तास लागायचा, कारण आपल्याकडं प्रत्येक कोपऱ्यावर देऊळ आणि प्रत्येक नमस्कार 'मनापासून' झाला पाहिजे.

त्याहून वाईट कागदांचं. लग्नपत्रिकेवर गणपती, उदबत्तीच्या पुड्यावर कुठलातरी देव, कॅलेंडरवर तर बाराही महिने. टाकायचं कसं, कुणाचा पाय लागला तर? रस्त्यावर पडलेली पत्रिका पण उचलून आणायचो, कॉटखाली दोन पोती भरली. आई पाहुण्यांना कौतुकानं सांगायची, पोरगं लई देवभोळं आहे. सोळाव्या शतकात स्पेनचा इग्नेशियस लोयोला म्हणून ख्रिश्चन संत होऊन गेला, त्यानं लिहून ठेवलंय की गवताच्या दोन काड्यांचा क्रॉस झालाय, त्यावर चुकून पाय पडला तर 'पाप झालं का' ही शंका माणसाला नंतर कशी कुरतडते. हे वाचलं तेव्हा मला एकट्यालाच हसू आलं, त्याच्या काड्या आणि माझी पोती.

मग व्हायचं ते झालं. नरसोबाच्या वाडीला नेलं, एका नातेवाईकानं 'बाहेरचं आहे' म्हणून उतारा करायला लावला. शेवटी राजारामपुरीतल्या एका मानसोपचार तज्ज्ञांकडं गेलो, त्यांनी दहा मिनिटात सांगितलं, ओसीडी, म्हणजे नको तो विचार परत परत येतो आणि तो शमवायला माणूस तेच तेच करत बसतो. मराठीत याला फार जुना शब्द आहे, मंत्रचळ. आपण तो सारखे हात धुणाऱ्या बायकांना चिडवायला वापरतो, पण मनातल्या मनात धुणारे पण असतात.

असले विचार जवळपास सगळ्यांना येतात, हे खरंच. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या दोघांनी धडधाकट माणसांना विचारलं तर बहुतेकांना तसलेच विचार येत होते, फक्त ती माणसं 'काय पण येतं डोक्यात' म्हणून पुढं जात होती. आपण थांबतो, तपासतो. आणि विचार नेमका जिथं जीव अडकलाय तिथंच येतो, बाळंतीण बाईला बाळाबद्दल येतो, तुला-मला देवाबद्दल.

आता तुझा देव आहे का नाही हा प्रश्न. आमचा काका देव मानत नाही, चाळीस वर्षं झाली, चहा पीत वाद घालतो आणि नऊला घोरायला लागतो. ती शंका. मी रात्री अडीचला यूट्यूबवर एक नास्तिकाचा व्हिडिओ, एक कीर्तन, परत एक नास्तिकाचा, असं आलटून पालटून बघायचो, छातीत धडधड, उत्तर आत्ताच्या आत्ता पाहिजे. ही शंका नाही, हा पण नमस्कारच, फक्त वेगळ्या कपड्यातला. कामावर मी कास्टिंग एकदा बघतो, ब्लोहोल, म्हणजे हवा अडकून पडलेलं भोक, नसला की पास करून पुढं ढकलतो, तोच पीस शंभरदा बघितला तर साधी सावली पण तडा वाटायला लागते. म्हणून माझं स्पष्ट मत, आस्तिक का नास्तिक हे सध्या ठरवूच नको, बरं झाल्यावर ठरव नाहीतर नको ठरवू. माझं अजून नक्की नाही. जोतिबाला जातो, चांगभलं म्हणतो, गुलालात माखून येतो.

गोळ्या चालू झाल्या, पहिले पंधरा दिवस नुसती मळमळ, फरक कळायला अडीच महिने गेले. ओसीडीत या गोळ्यांना आठ-बारा आठवडे लागतातच, त्यामुळं मधेच सोडू नको. सोबत एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणून थेरपी. म्हणजे भीती येऊ द्यायची आणि माफी मागायची नाही. पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या मारुतीसमोरनं नमस्कार न करता गेलो तेव्हा घाम फुटलेला, पण पाऊण तासात आपोआप उतरलं. नंतर एक-एक उदबत्तीचा पुडा घंटागाडीत. दोन पोती संपायला चार महिने लागले.

शेवटी तू विचारलंयस, 'मी पापी नाही ना?' याचं उत्तर मी मुद्दाम देत नाही. आई मला असलं उत्तर दिवसातनं वीसदा द्यायची, तासभर पुरायचं, मग परत विचारायचो.

कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, खर्चाची अडचण असली तर तिथं जा. जीव नकोसा वाटला तर १४४१६ लाव, टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि ते शब्द डॉक्टरसमोर तोंडानं निघणार नाहीत, माझे पण निघाले नव्हते. कागदावर लिहून ने आणि टेबलावरनं पुढं सरकव.