कार्बन डायऑक्साईड पिकाचं अन्न आहे ना, मग वाढला तर बिघडलं कुठे? तुमच्या प्रश्नांची उत्तरं

नमस्कार शेतकरी मित्रांनो. गेल्या काही दिवसांत कार्बन डायऑक्साईडबद्दल बरेच प्रश्न आलेत आणि त्यातले निम्मे तरी एकाच जागी येऊन थांबतात, की साहेब शाळेत शिकलो हा वायू झाडाचं अन्न आहे, मग हवेत तो वाढला तर पीक जोमात यायला पाहिजे, सगळे घाबरतात कशाला. प्रश्न एकदम रास्त आहे, त्यामुळे आधी तोच घेतो, बाकीचे ओघात येतील.

अन्न आहे हे शंभर टक्के खरं. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट नावाच्या एका माणसाने साधारण ९० किलो कोरडी माती मोजून कुंडीत भरली, त्यात विलो नावाच्या झाडाचं सव्वादोन किलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड ७७ किलोच्या आसपास झालं आणि माती परत वाळवून तोलली तर जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम कमी भरली. त्याला वाटलं झाड पाण्याचंच बनलंय. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी लोकांच्या लक्षात आलं की पाण्याच्या जोडीला हवेतला हा वायू पानांच्या छिद्रांतून आत जातो आणि उन्हाच्या जोरावर त्याची साखर होते. तुमच्या पिकाचं वाळलेलं वजन घ्या, त्यातला ४० ते ४५ टक्के भाग नुसता कार्बन असतो, आणि तो जवळजवळ सगळा हवेतून आलेला असतो. आपण जी खतं टाकतो ती गरजेची आहेतच, पण पिकाच्या अंगाचा मोठा हिस्सा हवा आणि पाणी मिळून बनतो, हे मला अजूनही फार भारी वाटतं.

आता वाढला तर किती फायदा? इथे पिकांचे दोन गट समजून घ्या. गहू, भात, सोयाबीन, कापूस, भुईमूग, सगळी कडधान्यं एका गटात, यांना सी-३ म्हणतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी दुसऱ्या गटात, सी-४. दुसऱ्या गटातल्या पिकांकडे हा वायू पानात साठवून दाट करायची सोय जन्मतःच आहे, त्यामुळे हवेत तो वाढला काय न वाढला काय त्यांना फारसा फरक पडत नाही, फक्त पाण्याचा ताण असेल तेव्हा पानांची छिद्रं कमी उघडून थोडं पाणी वाचतं एवढंच. पहिल्या गटाला मात्र फायदा होतो. उघड्या शेतात नळ्यांची कडी लावून हा वायू वाढवून पिकं घेतलीत संशोधकांनी, त्यात सी-३ पिकांचं उत्पादन वाढलेलं दिसलंय. पण त्याच गव्हात प्रोटीन, झिंक आणि लोह ५ ते १० टक्क्यांनी कमी भरलं. म्हणजे पोतं भरलं पण दाण्यातला कस उतरला. शिवाय हा वायू तणालाही फुकटच मिळतो, आणि रुंद पानांची बरीच तणं गहू-सोयाबीनच्याच गटातली आहेत.

आणि मुख्य गोष्ट, तो एकटा वाढत नाही, उष्णता घेऊन येतो. जगभरचा अंदाज असा की सरासरी तापमान १ अंशाने वाढलं की गव्हाचं उत्पादन साधारण ६ टक्क्यांनी घटतं. दाणे भरायच्या वेळी उकाडा आला तर पीक लवकर पिकतं, दाणा भरायला दिवसच मिळत नाहीत. भातात फुलोऱ्याला ३५ अंशांच्या वर तापमान गेलं की परागकण मरतात आणि लोंब्या पोचट राहतात. हवा १ अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा एकदम कोसळतो आणि मधल्या काळात जमीन लवकर सुकते. एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने जातं, वर व्याज लागतं.

एका काकांनी विचारलंय की हवेत तो फक्त ०.०४ टक्के आहे, एवढ्याशाने पृथ्वी कशी तापेल. काका, बोरॉन एकरी किती टाकता? चिमूटभरच ना, आणि ते कमी पडलं तर फळ तडकतं. प्रमाण किती यापेक्षा ती गोष्ट करते काय हे बघायचं. हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून ९९ टक्के आहेत पण जमिनीतून वर जाणारी उष्णता ते अडवत नाहीत. ती अडवतात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साईड, मिथेन असे मोजके वायू. १८५६ साली युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले होते, त्यात या वायूची नळी सगळ्यात जास्त तापली आणि थंड व्हायलाही सगळ्यात जास्त वेळ लागला. हे वायू अजिबात नसते तर पृथ्वी सरासरी उणे १८ अंशांवर गोठली असती, आज ती १५ च्या आसपास आहे, म्हणजे हा वायू मुळात वाईट नाहीये. अडचण वाढीची आहे. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी हवेच्या १० लाख भागांत तो साधारण २८० भाग होता, १९५८ ला हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर नीट मोजायला सुरुवात झाली तेव्हा ३१५, आणि २०२४ ला ४२० च्या वर.

हा वाढीव आला कुठून, गुराढोरांच्या आणि माणसांच्या श्वासातून का, असंही दोघातिघांनी विचारलंय. नाही. श्वासातून आपण जो सोडतो तो आपण खाल्लेल्या धान्याने त्याच वर्षी-दोन वर्षांत हवेतून घेतलेला असतो, देणंघेणं फिटलं. कोळसा, डिझेल, पेट्रोल, गॅस हे मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत गाडलेलं देणं आहे, ते आपण शे-दोनशे वर्षांत उकरून जाळतोय. इंधन आणि सिमेंट मिळून वर्षाला साधारण ३,७०० कोटी टन. ज्वालामुखीतून येतो तो याच्या १ टक्काही नाही. यातला जवळपास निम्माच हवेत राहतो, बाकीचा समुद्र आणि झाडं-माती शोषून घेतात, नाहीतर परिस्थिती याहून वाईट असती.

सिलिंडरने शेतात सोडला तर चालेल का? उघड्या शेतात पैसे घालवू नका, मग विकणारा काहीही सांगो. हिशोब करून बघा, एक एकर शेतावर माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत जेवढी हवा आहे तिच्यात हा वायू असतो फक्त ६ किलोच्या आसपास, आणि मंद वारा असला तरी अर्ध्या मिनिटात ती हवा पुढच्या शेतात गेलेली असते. तुम्ही सोडलेलाही तसाच जाणार. पॉलिहाऊसची गोष्ट वेगळी आहे. सगळं बंद असेल तर सकाळी ऊन चढल्यावर तास-दोन तासांतच झाडं आतला वायू ओढून घेतात, तो १० लाखांत २०० भागांच्या खालीही येतो आणि वाढ मंदावते. तिथे आधी खिडक्या-पडदे उघडून हवा खेळती करा, याला काही खर्च नाही. थंड प्रदेशात जिथे उघडताच येत नाही तिथे तो ८०० ते १,००० भागांपर्यंत वाढवून टोमॅटो, काकडी, फुलं घेतात, ते मीटर लावून मोजूनमापून. आत शेगडी किंवा कोळसा पेटवायचा विचार कुणी करू नका, अर्धवट जळाल्याने कार्बन मोनॉक्साईड होतो, माणूस जातो त्यात.

आता पाचट आणि धसकटं जाळण्याचा विषय, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपल्या हातात सगळ्यात जास्त हेच आहे. एक टन वाळका काडीकचरा जाळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साईड होतो, वजन वाढतं कारण जळताना हवेतला ऑक्सिजन जोडला जातो. कुणी म्हणेल तो पुढच्या हंगामात पीक परत घेईलच की, बरोबर, घेईल. पण त्याच्यासोबत काजळी आणि मिथेन गेला, पाल्यातला बहुतेक सगळा नायट्रोजन गेला, गंधकही गेलं, आणि जमिनीत जाऊ शकला असता तो सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला कार्बन, गेला. नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतः कीड मरते म्हणून जाळायला सांगितलंय काही जणांना, ते चुकलं, म्हणून आता वारंवार सांगतो.

जगातल्या मातीच्या वरच्या एक मीटरमध्ये जेवढा कार्बन आहे तो अख्ख्या हवेतल्या कार्बनपेक्षा जास्त आहे. तुमच्या एका एकराचा वरचा अर्धा फूट थर म्हणजे साधारण ८५० टन माती, तिच्यात सेंद्रिय कर्ब नुसता ०.१ टक्क्याने वाढवलात तरी हवेतला ३ टनांच्या वर कार्बन डायऑक्साईड तुम्ही जमिनीत आणून ठेवला. अकराशे-बाराशे लिटर डिझेल जाळल्यावर निघतो तेवढा! आणि हे हवेसाठी उपकार म्हणून करायचं असं नाही, कर्ब वाढला की जमीन भुसभुशीत राहते, पाणी धरते, वाफसा लवकर येतो, टाकलेलं खत लागू पडतं. पाला कुट्टी करून सरीत पसरा, शेणखत-कंपोस्ट द्या, दोन पिकांच्या मध्ये हिरवळीचं खत घ्या, गरज नसताना नांगरू नका कारण माती उलटीपालटी झाली की जिवाणूंना जास्त हवा मिळते आणि ते साठलेला कर्ब खाऊन परत वायू करून टाकतात. ओल्या पाल्यासोबत नाही पण वाळक्या पाचटासोबत थोडं नत्र जरूर द्या, नाहीतर कुजवणारे जिवाणू पिकाच्या वाट्याचं नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं. एक-दोन वर्षांत चमत्कार होणार नाही, पाच-सात वर्षं लागतात.

युरियाचं विचारलंय एका ताईंनी. हो, युरिया बनवताना अमोनियासोबत हाच वायू वापरतात आणि जमिनीत युरिया फुटला की तो परत बाहेर पडतो, किलोमागे ७३० ग्रॅम. पण त्याहून मोठी काळजी नायट्रस ऑक्साईडची, जास्तीचं नत्र आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की तो तयार होतो आणि वजनाला वजन धरलं तर शंभर वर्षांच्या हिशोबात सुमारे २७० पट जास्त तापवतो. म्हणून डोस विभागून, माती तपासून.

रात्री झाडाखाली झोपलं तर गुदमरतं का? नाही, झाड रात्री सोडतं ते फार थोडं, शेजारी झोपलेला माणूस त्याहून जास्त सोडतो.

साठवणुकीत मात्र हा वायू खरंच कामाचा आहे. हवाबंद पिशवीत नीट वाळलेलं धान्य भरलं की आतले किडे श्वास घेऊन घेऊन ऑक्सिजन संपवतात, कार्बन डायऑक्साईड वाढतो आणि तेच मरतात, औषधाच्या गोळ्या लागत नाहीत. मोठ्या गोदामात बाहेरूनही सोडतात. प्यायचा सोडा, आग विझवायचं नळकांडं, उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ, सगळीकडे तोच.

आणि यावरूनच एक, हे मनापासून सांगतोय. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड आहे, त्याला रंग नाही वास नाही, तो खाली साचतो. १९८६ मध्ये कॅमेरूनमधल्या न्योस तलावाच्या तळातून तो एकदम बाहेर आला आणि रात्रीत सुमारे १,७०० माणसं गेली. तेच लहान प्रमाणात जुन्या विहिरीत, धान्याच्या पेवात, मुरघासाच्या खड्ड्यात होतं. गोबरगॅसच्या टाकीत तर मिथेनही असतो, तिथे दिवा किंवा काडी पेटवून बघू नका, भडका उडेल. बरेच दिवस बंद असलेल्या अशा कुठल्याही जागेत एकदम उतरू नका, झाकण काढून पंखा किंवा ब्लोअर लावून हवा बराच वेळ खेळू द्या, कमरेला दोर आणि वर दोन माणसं असल्याशिवाय पाय आत टाकू नका, आणि आतला माणूस कोसळला तर त्याच्यामागे उडी मारू नका, दोराने ओढा, अग्निशमनवाल्यांना बोलवा. अशा अपघातात वाचवायला उतरलेला दुसरा आणि तिसराही जातो, आणि बहुतेक वेळा ते एकाच घरातले असतात.