वर्डमध्ये ‘आई-’ वरच्या ओळीत आणि ‘वडील’ खालच्या ओळीत जातं. ते कसं थांबवायचं?

मराठीत प्रबंधासारखा लांब मजकूर टाइप करताना हे हमखास होतं. जोडशब्द ओळीच्या टोकाला तुटतात, छोटी रेघ मध्येच आपोआप लांब होते आणि काही ओळींतले शब्द फाकून लांब लांब जाऊन बसतात. माझं कामच लोकांचे प्रबंध छपाईसाठी लावून द्यायचं आहे, त्यामुळे हे रोजचं दुखणं आहे.

आधी होम टॅबवरचं उलट्या ‘पी’सारखं दिसणारं बटण दाबा (किंवा कंट्रोल + शिफ्ट + ८). न दिसणाऱ्या सगळ्या खुणा पानावर येतील. साध्या स्पेसच्या जागी ठिपका, एंटर दाबलेल्या ठिकाणी तेच उलटं चिन्ह, शिफ्ट + एंटरला वळलेला बाण. पान खरूज आल्यासारखं दिसतं, पण कुठे काय दाबलं गेलंय ते कळल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नका.

आता जोडशब्द. साध्या हायफननंतर ओळ तोडायची मुभा वर्डला असते. ‘आई-वडील’ तुटलं तर फारसं बिघडत नाही, पण ‘१-५-१९६०’ मधलं वर्ष खालच्या ओळीत गेलं किंवा ‘-५ अंश’ मधली वजाची खूण एकटीच वर राहिली तर वाचणारा अडखळतो. अशा ठिकाणी साध्या हायफनऐवजी कंट्रोल + शिफ्ट + हायफन दाबा. हा न तुटणारा हायफन. खुणा दाखवायचं बटण चालू असताना तो जरा लांब दिसतो, छापताना नेहमीसारखाच येतो. इनस्क्रिप्ट कळफलक वापरत असाल तर एक गंमत: तिथे शिफ्ट + हायफनवर विसर्ग असतो. कंट्रोल नीट दाबला गेला नाही की ‘आईःवडील’ तयार! मी असा विसर्ग छापून आलेला पाहिला आहे.

हायफनपेक्षाही मराठीत जास्त छळते ती स्पेस, कारण आपल्याकडे आद्याक्षरांची रेलचेल. ‘वि. वा.’ एका ओळीत आणि ‘शिरवाडकर’ दुसऱ्या, ‘रु.’ वर आणि ‘५००’ खाली, ‘पृ.’ वर आणि आकडा खाली. इथे कंट्रोल + शिफ्ट + स्पेस. ही न तुटणारी स्पेस, खुणांमध्ये ठिपक्याऐवजी बारीक वर्तुळ दिसतं. प्रत्येक ठिकाणी हाताने घालत बसू नका. फाइंड-रिप्लेसमध्ये ‘पृ. ’ शोधा आणि बदलीच्या रकान्यात ‘पृ.’ लिहून मोअर, मग स्पेशल, मग नॉनब्रेकिंग स्पेस निवडा. एका झटक्यात काम होतं. ओळीची सुरुवात डॅशने होऊ द्यायची नसेल तर डॅशच्या आधीही हीच स्पेस.

लांब होणाऱ्या रेघेमागे ऑटोफॉरमॅट आहे. शब्द, स्पेस, हायफन, स्पेस, पुढचा शब्द असं टाइप केलं की वर्ड हायफनचा मध्यम लांबीचा डॅश करतो, आणि दोन शब्दांमध्ये स्पेस न सोडता दोन हायफन लागोपाठ दिले की लांब डॅश. नको तिथे झालं तर लगेच कंट्रोल + झेड. कायमचं बंद करायचं तर फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, आणि तिथल्या ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’मध्ये हायफनच्या जागी डॅश करणाऱ्या पर्यायाची खूण काढा. मी बंदच ठेवतो. शाळेत शिकलेलं संयोगचिन्ह म्हणजे हायफन आणि अपसरणचिन्ह म्हणजे डॅश. कुठे कोणतं हवं ते लिहिणाऱ्याला कळतं, वर्डला नाही. डॅश हवाच असेल तेव्हा कंट्रोल आणि नंबरपॅडवरचं वजाचं बटण (लांब हवा तर सोबत ऑल्टही). नंबरपॅड नसेल तर इन्सर्ट, सिम्बॉल, मोअर सिम्बॉल्स, स्पेशल कॅरेक्टर्स. हायफन आणि स्पेसचे वरचे सगळे प्रकारही तिथे मिळतात.

शब्द फाकण्याचं कारण बहुतेक शिफ्ट + एंटर आहे. परिच्छेद दोन्ही बाजूंनी जस्टिफाय केलेला असेल आणि ओळ शिफ्ट + एंटरने तोडली असेल, तर वर्ड ती अपुरी ओळसुद्धा समासापर्यंत ताणतो. बाणाच्या आधी एक टॅब द्या, ताण जातो. पत्ता किंवा कविता असेल तर तेवढा भाग सरळ डावीकडे लावा. बाण नसतानाही शब्द फाकत असतील तर ‘महाविद्यालयांमध्येसुद्धा’सारखा लांबलचक शब्द वरच्या ओळीत मावत नसेल. त्यात ‘महाविद्या’नंतर कंट्रोल + हायफन दाबा. गरज पडली तरच तो हायफन दिसतो. जोडाक्षराच्या पोटात मात्र घालू नका.

सर्वांत वाईट खोड म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर. एक प्रबंध माझ्याकडे असाच आला होता. टाइप करणारे काका जन्मभर टाइपरायटरवर काम केलेले. मार्गदर्शकांनी अक्षर १२ वरून १४ करायला सांगितलं आणि सगळ्या पानांवर एक पूर्ण ओळ, एक अर्धी ओळ असा जिना तयार झाला. तुमच्याही फाइलमध्ये खुणांवरून असं दिसलं तर आधी फाइलची प्रत काढा. मग फाइंड-रिप्लेसमध्ये लागोपाठचे दोन पॅराग्राफ मार्क (तेही स्पेशलमध्ये सापडतात) शोधून त्यांच्या जागी ‘###’ टाका. उरलेल्या एकेका पॅराग्राफ मार्कच्या जागी स्पेस. शेवटी ‘###’ च्या जागी पुन्हा एक पॅराग्राफ मार्क. परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ न सोडता टॅबने सुरुवात केली असेल तर पहिल्या पायरीत पॅराग्राफ मार्क आणि टॅब अशी जोडी शोधा. मथळे आणि याद्या यात मजकुराला चिकटतात, त्या हाताने सोडवाव्या लागतात. ओळीच्या टोकाला हाताने दिलेले हायफनही ‘महाविद्या- लय’ असे मध्येच उरतात. हायफन आणि स्पेस एकत्र शोधून ते एकेक पाहत जा. इथे ‘रिप्लेस ऑल’ केलंत तर मुद्दाम दिलेले हायफनही त्याबरोबर जातील. माझे त्या प्रबंधावर दोन दिवस गेले, त्यातला दीड दिवस याच हायफनांवर.

पानाच्या तळाशी मथळा एकटा राहतो म्हणून एंटर मारत बसू नका. पॅराग्राफच्या चौकटीत ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’मध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’ आहे. नवीन प्रकरण नव्या पानावर हवं तर कंट्रोल + एंटर.

लिबरऑफिस वापरत असाल तर न तुटणारा हायफन, न तुटणारी स्पेस आणि गरजेपुरता हायफन या तिन्हींसाठी याच कळा चालतात.