जमीन माझी, कुंपण माझे. मग आत आलेला तितर माझा का नाही?

कोल्हापूरजवळ आपली कुंपण घातलेली जमीन आहे, तिच्या पडीक कोपऱ्यात तितर आणि लावे राहतात, आणि पाहुणे आले असता त्यांतले एखाद-दुसरे मारले तर कोंबडी कापण्यापेक्षा त्यात नैतिकदृष्ट्या वेगळे काय, असे आपण विचारले आहे. कायदा सोडून केवळ नीतीचे सांगावे, अशीही आपली विनंती आहे.

तरीही कायद्याला थोडी जागा द्यावी लागेल, कारण आपल्या प्रश्नातील ‘माझे’ हा शब्द त्याच्याशीच बांधलेला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये झाला तेव्हा शिकारीचे परवाने मिळत असत. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. फासा लावणे, जाळ्यात पकडणे, आमिष टाकणे, पक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटे विस्कटणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे त्या व्याख्येत येते. बेकायदा मारलेला पक्षी शासनाची मालमत्ता ठरतो, मग तो सातबाऱ्यावर कोणाचेही नाव असलेल्या जमिनीत पडलेला असो. तितर-लाव्यांसाठी शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. मोर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, असल्यामुळे त्याच्या बाबतीत कैदच किमान तीन वर्षांची आहे.

आता कोंबडीचा मुद्दा. मी मांसाहारी आहे आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात राहून प्राणिहत्येवर प्रवचन देण्याचा माझा विचार नाही. केवळ क्लेशांच्या तराजूत तोलायचे झाले तर आपली बाजू कदाचित जड भरेल, कारण खुराड्यात काही आठवड्यांचे आयुष्य काढणाऱ्या ब्रॉयलर कोंबडीपेक्षा माळावर फिरलेल्या तितराचे जगणे निश्चितच सुखाचे असते. पण हा निष्कर्ष नेम अचूक लागला तरच टिकतो. छर्‍याच्या बंदुकीने उडता किंवा पळता पक्षी टिपताना कित्येकदा तो जखमी होऊन घाणेरीच्या जाळीत शिरतो, मारणाऱ्याला सापडत नाही, आणि मुंगसाच्या किंवा कोल्ह्याच्या तोंडी जातो. खाटकाकडील कोंबडीच्या वाट्याला हे येत नाही.

त्याहून मोठा फरक हिशेबाचा आहे. कोंबडी कोणीतरी उबवलेली, पोसलेली असते आणि एक कापली तर तिच्या जागी दुसरी येईल याची जबाबदारी पाळणाऱ्यावर असते. तितराची मादी जमिनीवरच्या खळग्यात साधारण सहा ते आठ अंडी घालते, त्यांतली काही घोरपड-मुंगसाला जातात, काही नांगराखाली जातात, आणि वाचलेली पिल्ले आईबापांबरोबर थव्याने फिरतात. आपल्या पडीक कोपऱ्यात दिसणारे पक्षी असे बहुधा एकच कुटुंब असेल. त्यातून दोन काढले तर मागे किती उरतात, हे मोजणारी कोणतीही यंत्रणा आज आपल्याकडे नाही. हंगाम नाही, मर्यादा नाही, नोंद नाही. ज्या देशांत शिकार वैध आहे तेथील शिकारीच्या बाजूने होणारा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद याच हिशेबावर उभा असतो. अमेरिकेत खाजगी, कुंपणबंद जमिनीवरही रानटी पक्षी जमीनमालकाचे मानले जात नाहीत. ते राज्याने जनतेसाठी सांभाळलेले मानले जातात, आणि मालकालाही हंगाम व संख्येची मर्यादा पाळावी लागते. इंग्लंडमध्ये शिकारीसाठी दरवर्षी कोट्यवधी फेझंट (तितराच्याच कुळातले मोठे पक्षी) वाढवून मोकळे सोडले जातात. तो प्रकार मला पटत नाही, पण निदान ते पक्षी कोणीतरी पोसलेले असतात. आपल्या शेतातले तितर आपण पोसलेले नाहीत.

कुंपणाने आपला हक्क वाढतो असे आपण गृहीत धरले आहे. माझ्या मते कुंपणाने आपली बाजू उलट कमकुवत होते. उडणाऱ्या पक्ष्याला तार काय अडवणार, असे कोणी म्हणेल. परंतु तितर हा मुळात पळणारा पक्षी आहे. धोका दिसला की तो आधी झुडपाआडून धावतो, अगदीच जवळ गेल्यावर फडफडाट करीत उठतो आणि थोड्याच अंतरावर पुन्हा उतरतो. जमिनीलगत घट्ट ओढलेली जाळी त्याची पळण्याची पहिली वाट बंद करते, आणि अजून न उडणाऱ्या पिल्लांना तर दुसरी वाटच नसते. शिवाय हा पक्षी आपली जागा सहसा सोडत नाही, म्हणून त्याच्या रोजच्या वाटा मालकाला पाठ होतात. शिकारीचे समर्थक ज्या बरोबरीच्या सामन्याची भाषा करतात, त्यातले येथे काही उरत नाही. दाणे टाकून सवय लावलेल्या पक्ष्यावर नेम धरला तर तो विश्वासघातही ठरतो.

संस्थानकाळापासून शिकार ही आपली परंपरा आहे, असेही आपण लिहिले आहे. ती होती, हे खरे. माळावर काळविटांच्या शिकारीसाठी पाळीव चित्ते सोडण्याबद्दल कोल्हापूर संस्थान प्रसिद्ध होते, आणि देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणावे लागले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. परंपरेचा दाखला द्यायचा तर तिचा हा जमाखर्चही सांगायला हवा. त्याच वेळी राधानगरीजवळचे दाजीपूरचे रान संस्थानचे शिकारीचे राखीव क्षेत्र होते म्हणून टिकले आणि १९५८ मध्ये अभयारण्य झाले, हेही नाकारता येत नाही. जमीन राखणाऱ्याचे श्रेय त्याला द्यावे. फक्त त्या श्रेयाचे रूपांतर पक्ष्यांवरील मालकीत होत नाही.

परंपरेची आणखी एक बाजू फारशी कोणी काढत नाही. तितर-लावे पकडण्याची खरी विद्या फासेपारध्यांकडे होती. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या या समाजाला शाहू महाराजांनी जवळ करून काम आणि निवारा दिला. आजही फासे लावताना सापडलेल्या पारध्याला आधी मार मिळतो आणि मग पोलीस येतात, तर पाहुण्यांना तितराचे कालवण वाढणाऱ्या बागायतदाराचे कौतुक होते. भुकेपोटी केलेल्या कृत्याला मी अधिक समजून घेऊ शकतो. आपल्या ताटात तितर नसला तरी पाहुणे उपाशी जाणार नाहीत.

पक्ष्यांमुळे पेरलेले दाणे उकरले जात असतील तर ती तक्रार खरी असू शकते, आणि उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी कायद्यात वरिष्ठ वन अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीची तरतूद आहे. प्रत्यक्षात मात्र पेरणीनंतरचे काही दिवस राखण केली तर तेवढ्याने भागते. हेच पक्षी वाळवी, किडे आणि तणाचे बीही खातात, हे विसरू नये. आणि कुंपण ठेवायचेच असेल तर बांधालगत दोन-तीन ठिकाणी जाळीत वीतभर रुंदीची खिडकी कापून तिला पाइपची चौकट बसवावी, म्हणजे पिल्लांना वाट मिळेल आणि मोठे रानडुक्कर आत शिरणार नाही. अशा खिडकीतच कोणी फासा लावण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून सकाळच्या फेरीत ती जागा आधी पाहावी, आणि फासा आढळल्यास तो नुसता फेकून न देता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.