शेतकऱ्यांच्या संस्थेकडून कॉफी घेताना दर रास्त आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात छोटी रोस्टरी सुरू करताय, आंध्र प्रदेशातल्या अरकूकडच्या शेतकरी संस्थेकडून स्पेशॅलिटी, म्हणजे उच्च प्रतीची, कॉफी घ्यायचीय, तर शेतकऱ्याच्या हातात रास्त दर पडतो का हे कसं कळणार. मी राजारामपुरीत कॉफी भाजतो, म्हणून सांगतो.

संस्थेला ग्रीन बीनचा, म्हणजे न भाजलेल्या कॉफीच्या बियांचा, दर विचारण्याआधी हे विचारा: शेतकऱ्याला किलोभर चेरीला, म्हणजे कॉफीच्या ताज्या फळाला, किती दिले आणि कधी दिले? आपल्याकडे दूध संस्थेत फॅट लागली की दर ठरतो आणि पावती उत्पादकाच्या हातात येते. तशी चेरीच्या वजनाची पावती दाखवायला सांगा. काटा कुणाचा, हेही विचारा. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता हिशेब बघा. साधारण सहा किलो चेरीतून एक किलो ग्रीन बीन निघतं. भाजताना त्यातलं पंधरा टक्के वजन उडतं. म्हणजे चेरीला किलोमागे १० रुपये जादा दिले, तर भाजलेली कॉफी किलोला सत्तर रुपयांनी महागते. एका कपाला १८ ग्रॅम लागतात. कपामागे सव्वा रुपया! एवढ्यासाठी घासाघीस करू नका.

तो जादा दर कष्टाचाच आहे. जानेवारीत अरकूला गेलो होतो. एक मावशी ढिगाशी बसून हिरवी, अर्धकच्ची चेरी एकेक करून बाजूला काढत होत्या. फक्त लाल चेरी तोडायची तर एकाच झाडाकडे तीन-चार वेळा जावं लागतं. तेव्हा कुठे कपिंगला, म्हणजे कॉफीच्या चवीच्या परीक्षेत, १०० पैकी ८० गुणांच्या वर जाणारा माल होतो.

अरकूच्या अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण तो कॉफी कुठली याचा दाखला, शेतकऱ्याला मिळालेल्या पैशांचा नव्हे.

माझी एक चूक तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी माल हातात आल्यावर, जूनमध्ये पैसे दिले. तोडणी मात्र नोव्हेंबरपासूनच सुरू होते, आणि मजुरी रोख द्यावी लागते. त्यासाठी तिथल्या घरांनी उसनवारी केली होती, हे मला नंतर कळलं. फार वाईट वाटलं. आता दिवाळीच्या सुमारास निम्मी रक्कम पाठवतो.

सुरुवातीला एकच पोतं घ्या. फक्त पुढच्या हंगामात किती घेणार, हे त्यांना आधी कळवा.