रेफ्रीवर तुटून पडण्याआधी
फुटबॉल मॅचनंतरच्या वादात उतरलास, छान झालं! सुरुवातीला थोडंच पक्कं कर.

ऑफसाइड (पास निघताना आपला खेळाडू बचावाच्या पलीकडे, गोलच्या जास्त जवळ असणं) बघताना पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो तो क्षण थांबव, चेंडू पोहोचतो तो नव्हे. शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या रेषेत असलेला खेळाडू ऑफसाइड नसतो. ही रेषा बघताना खेळाडूचे हात मोजत नाहीत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, गोल खाल्ला की लगेच सेंटरबॅकला (गोलसमोरच्या मधल्या बचावपटूला) दोष देऊ नकोस. दहा सेकंद मागे जाऊन बघ. बरेचदा फुलबॅक (कडेचा बचावपटू) पुढे हल्ल्यातच अडकलेला असतो, मिडफिल्डर (मधल्या फळीतला) चालत परततोय आणि हा बिचारा सेंटरबॅक एकटा दोघांना अडवतोय. नवे लोक हमखास इथेच चुकतात.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करणारा पंच, २०१८ मध्ये नियमांत आला, पण प्रत्येक फाऊलसाठी नाही. गोल, पेनल्टी, रेड कार्ड अशा मोठ्या निर्णयांत उघड चूक दिसली तरच.

हँडबॉलचा (चेंडू हाताला लागण्याचा) कीस नंतर पाडू.