चौघींचं बिल आणि एकीचं सूप

ताई,
आम्ही चौघी माटुंग्याच्या रुईया कॉलेजातल्या मैत्रिणी. मुलं मोठी झाली तशा दर महिन्याला एका शनिवारी रात्री बाहेर जेवायला भेटतो. हॉटेल आमच्यातली एकजण ठरवते, रील्स बघून. कधी लोअर परळ, कधी बीकेसी. दर वेळी निराशा होते. गाणी इतक्या मोठ्याने लावतात की ओरडून बोलावं लागतं. मेनू मोबाइलवर, तो अंधारात डोळे ताणून वाचायचा. प्लेट केवढी थोरली आणि त्यात चार घास. वर दीड तासात टेबल रिकामं करा म्हणतात. गेल्या महिन्यात खाणं झालं ६,००० रुपयांचं. सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी धरून बिल आलं ६,९३०, आणि घरी येऊन मी दहीभात खाल्ला. त्यात एकजण हल्ली नुसतं सूप घेऊन बसते, डाएट म्हणे, त्यामुळे मागवायलाही मजा येत नाही. बिल आम्ही पहिल्यापासून चौघींत सारखं वाटतो, त्यावरून कधी वाद नाही. कुणालाही न दुखावता हॉटेलं बदलायचं कसं सांगू? की जाणंच बंद करू?
– अर्धपोटी, मुलुंड

अगं अर्धपोटी,

मी तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते. तुमच्यातल्या चौथीचं, त्या सूप घेणाऱ्या मैत्रिणीचं नाव तू पत्रात लिहिलं होतंस, ते मी काढून टाकलं आहे. कारण मला बोलायचंय ते तिच्याबद्दलच.

गोंगाट, अंधार, चार घास, सगळं पटलं. पण सूपापाशी मी अडले. तू ते तक्रारींच्या यादीत ढकलून पुढे गेलीस. जरा हिशेब करू या. सूपाची किंमत तू लिहिली नाहीस, अशा ठिकाणी ४०० रुपये धरू. तुमच्या बिलाच्या हिशेबाने त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि मग पाच टक्के जीएसटी, म्हणजे झाले ४६२. तिने भरले किती? ६,९३० चे चार भाग केले की १,७३२ रुपये आणि वर पन्नास पैसे. म्हणजे एका वाटीभर सूपावर तिने तुम्हा तिघींच्या जेवणाचे साडेबाराशेहून जास्त रुपये दिले. आणि तू ‘हल्ली’ लिहिलं आहेस, म्हणजे हे एकदाच घडलेलं नाही.

डाएट असेलही. साखर निघाली असेल, पित्ताचा त्रास असेल, रात्रीचं जेवण सोडलं असेल. नाहीतर घरात पैशाची ओढाताण असेल. मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही. पण एवढं मी बघितलंय की डाएट करणारी बाई मेनू नीट वाचते, भाजलेलं-उकडलेलं काही आहे का ते शोधते, तेल कमी घाला म्हणून वेटरला दोनदा बजावते. जी महिनोन्महिने मेनू हातात न घेता ‘मला फक्त सूप’ म्हणते, तिने बहुतेक घरूनच ठरवून आणलेलं असतं. कदाचित निघण्याआधी दोन पोळ्याही खाल्लेल्या असतात.

आणि तू लिहितेस, त्यावरून कधी वाद नाही. वाद घालणार कोण? तुम्ही तिघी घालणार नाही, कारण तुमचा फायदाच होतोय. तिने घालायचा म्हणजे भरल्या टेबलावर ‘माझं वेगळं करा’ असं म्हणायचं. पंचवीस-तीस वर्षांच्या मैत्रिणींसमोर ते तोंडातून बाहेर पडत नाही गं. बाई हसते, जीपे करते आणि घरी जाऊन वाणसामानाच्या यादीतलं काहीतरी खोडते. तुमच्या गप्पांत तिची अडचण यायला हवी होती, पण ओरडून बोलायच्या जागी अशा गोष्टी निघत नाहीत. मला तुझा थोडा राग आला आहे, तो लपवत नाही. तिच्या सूपाने तुझी मजा गेली म्हणतेस. तुमचं अख्खं बिल उचलायला हातभार लावून ती महिन्यामागून महिना येत राहिली, केवळ तुम्ही भेटता म्हणून.

सर्व्हिस चार्जचं पटकन सांगते, कारण माहीत असायला हवं. तो द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे. हॉटेलांनी तो बिलात आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला बजावलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. काढून टाका म्हणायचं. नाही ऐकलं तर १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवायची. जीएसटी मात्र द्यावाच लागतो. पण यातून तुमचे सहाशे रुपये वाचतील, तिची कुचंबणा तशीच राहील.

तेव्हा आता मी सांगते ते कर. तिला फोन करून ‘काही अडचण आहे का’ असं विचारू नकोस. तिच्या वाटचे पैसे गुपचूप भरूही नकोस. तसं केलंस तर पुढच्या महिन्यात तिला ताप येईल, त्याच्या पुढच्या महिन्यात पाहुणे येतील, आणि चौघींच्या तिघी व्हाल. सगळं स्वतःच्या अंगावर घे. ग्रुपवर लिही: ‘त्या हॉटेलांत माझं पोट भरत नाही, तुमचं बोलणं ऐकू येत नाही आणि एका जेवणाचे पावणेदोन हजार द्यायला आता माझ्या जिवावर येतं. या वेळी माटुंग्याला जाऊ या.’ यात खोटं काहीच नाही, सगळं तुझ्याच पत्रातलं आहे. परवडत नाही हे तुझ्यासारखीने आधी म्हटलं की तिला ते म्हणावंच लागणार नाही.

माटुंगा मुद्दाम म्हणते. स्टेशनला लागून रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. रुईयात शिकून तुम्ही तिथे जेवला नसाल तर नवलच. आधी गल्ल्यावर पैसे भरून कुपन घ्यायचं, मग आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं. बिल शेवटी येतच नाही, त्यामुळे ते वाटायचा प्रश्नही येत नाही. कमी खाणारीने कमीचं कुपन घ्यावं, कुणी वळूनही बघत नाही. रसम पुन्हा मागितलं तरी वाढणारा कपाळाला आठी घालत नाही. तिथे गप्पा मात्र रंगणार नाहीत, मागे माणसं ताटकळत असतात. जेवायचं आणि उठायचं. मग रमतगमत तिथल्या फाइव्ह गार्डन्स बागेत जा आणि बोला हवं तेवढं. तिथे टेबल परत मागायला कुणी येत नाही.

रील्स बघणारी नाराज होईल. होऊ दे. इतके महिने तिने ठरवलं, आता तू ठरव. आणि ‘जाणंच बंद करू का’ हे पुन्हा मनातही आणू नकोस. तू थांबलीस की ही भिशी मोडेल, आणि सगळ्यात आधी तुटेल ती चौथी, कारण तिला वेगळं बोलावून भेटायचं तुमच्यापैकी कुणाला सुचेल असं मला या पत्रावरून तरी वाटत नाही.

मेसेज आज रात्रीच टाक. आणि गल्ल्यावर उभी राहशील तेव्हा चौघींची कुपनं एकदम काढायला पर्स उघडून पुढे होऊ नकोस. तिचं तिला काढू दे.